सहावा गोळा

गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली तेव्हा सईबाई विळीवर पडवळ चिरत होत्या. दार त्यांच्या सुनेने, हरिप्रियेने उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. 'या' म्हणायचंही तिला सुचेना. दारात रणवीर होता. त्याच्या मागे अलमेलू, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. दहा महिन्यांनी आले होते दोघं.

कार्तिकचे मित्र ते. कार्तिक म्हणजे सईबाईंचा एकुलता एक नातू. गेल्या जानेवारीत, पोंगल होऊन दहा दिवस झाले नव्हते तोच, मद्रासला गिंडीच्या वळणावर पाण्याच्या एका लॉरीखाली त्याची मोटरसायकल आली. सत्तावीस वर्षांचा होता. तेव्हापासून इमारतीत पाण्याची लॉरी आली की सईबाई उठून आतल्या खोलीत जात, नि ती गेली असं कोणी सांगेपर्यंत बाहेर येत नसत.

"उभे कशास?" त्या आतून म्हणाल्या. "मीटर बघायला आलात काय? आत या."

दोघं येऊन जमिनीवरच बसले. दारातून येताना त्यांनी पाहिलं असणार. मार्गळी महिना लागून दोन दिवस झाले होते, वेलचेरीतल्या त्या चार मजल्यांवर दारोदार रांगोळ्या होत्या आणि याच एका दारापुढची फरशी कोरी होती. वर्ष व्हायला सव्वा महिना होता अजून.

"आजी, माझी पुण्याला बदली झाली," रणवीर म्हणाला. हा मूळचा साताऱ्याचा. त्याच्या मराठीला सईबाई टीव्हीतली मराठी म्हणत, आणि त्यांची तंजावरची मराठी ऐकली की तो हात जोडून म्हणे, आजी, असं आमच्याकडे आता फक्त जुन्या कागदांत बोलतात. "रविवारी गाडी आहे."

"बरं झालं. तुझ्या आईला दिसशील तरी."

"हो." मग अलमेलूकडे बघून म्हणाला, "जायच्या आधी एकदा… शनिवारी, गच्चीवर शेगडी लावली असती. एकदाच."

हरिप्रिया पाणी आणते म्हणून आत गेली आणि आतच राहिली. सईबाईंनी पडवळाची पुढची चकती पाडली.

"या घरात वर्ष झालेलं नाही. सण नाही, गोड नाही. शेगड्या लावायला आम्ही काय लग्न काढलंय?"

लग्न हा शब्द निघाला आणि अलमेलूने मान खाली घातली. सईबाईंना ते दिसलं. त्यांनी मुद्दाम पडवळाकडे बघितलं.

"सण नको, पाटी," अलमेलू तमिळमध्ये हळूच म्हणाली. त्यांना ती आजी म्हणत नसे, पाटीच म्हणे. "आम्ही नुसते बसू."

"आणि पिठाची काळजी नको," रणवीर घाईघाईने म्हणाला. "तयार पीठ मिळतं आता. टी. नगरला एक दुकान आहे. मी येताना घेऊन येतो, तुम्हाला काही त्रास नाही."

विळी थांबली.

"तयार?"

"म्हणजे मळलेलं. गोळेच मिळतात."

"पन्नास वर्षांत या चुलीपाशी विकतचं पीठ आलेलं नाही," सईबाई म्हणाल्या. "माझे हात मोडलेत असं कोणी सांगितलं तुला साताऱ्याच्या शहाण्या?"

"तसं नाही, आजी—"

"शनिवारी साडेपाचला या. येताना करवंट्या आणा, आमच्या पावसात भिजल्यात. आणि ते चीज तुमचं तुम्ही बघा, मला त्यातलं कळत नाही."

दोघं गेले. सईबाईंनी पडवळ संपवलं, विळी धुऊन भिंतीला टेकवली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण पीठ मळायचं कबूल करून बसलोय.

*

दोन वर्षांमागे वेलचेरीत पाणी भरलं तेव्हा तेलाचं एक रिकामं पिंप कुठूनसं तरंगत येऊन इमारतीच्या फाटकाला अडकलं होतं. पाणी ओसरलं तरी कोणी न्यायला येईना. कार्तिकने ते वेल्डरकडून उभं चिरून घेतलं, खाली पाय लावले, वर लोखंडी जाळी बसवली आणि चौघांच्या खांद्यावरून गच्चीवर नेलं. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी ऑफिसातले त्याचे दोस्त जमायचे. मैद्याचा गोळा हाताने थापायचा, थेट जाळीवर टाकायचा, एक बाजू भाजली की उलटायचा, भाजल्या अंगावर टोमॅटो नि चीज घालायचं आणि वर इडलीच्या भांड्याचं झाकण. खाली करवंट्यांचा जाळ. याला ती मुलं पिझ्झा म्हणत. सईबाईंच्या लेखी ती आळशी माणसाची पोळी होती. लाटायला नको, भाजी वेगळी करायला नको.

पहिल्या शनिवारी कार्तिकने स्वतः पीठ मळलं. तो पिझ्झा भिंतीवर मारला असता तर पोपडा पडला असता. दुसऱ्या शुक्रवारी सईबाई पदर खोचून उभ्या राहिल्या आणि त्याला म्हणाल्या, सरक.

शाळा त्यांनी दुसरीपर्यंतच पाहिली होती. कार्तिक कॉम्प्युटरवरून काढलेला कागद वाचून दाखवायचा, त्या ऐकून घ्यायच्या आणि आपल्या मनाचं करायच्या. मैदा मापट्याने, पाणी हाताच्या अंदाजाने. मीठ मात्र त्याच्याकडे. यीस्टला मीठ आधीच भेटलं तर ते मरतं असं कागदात होतं म्हणे. तेव्हा अर्धं मळून झालं की तो यायचा, चमच्याने मोजून मीठ घालायचा, "हं, आता मळ" म्हणायचा आणि जायचा. "जसा भटजी मंत्र घालून गेला, मेला," सईबाई म्हणायच्या. तो शब्द त्यांनी आता टाकला होता. शेजारणीच्या मांजरालासुद्धा त्या मेलं म्हणत नसत.

शुक्रवारी गोळे करून ओल्या फडक्याखाली फ्रिजमध्ये ठेवायचे, ते शनिवारपर्यंत फुगायचे. इथे मात्र सईबाईंचं अडलं. मळलेल्या पिठाचा गुळगुळीत गोळा रात्रभर ठेवायचा नाही, हे त्यांना तंजावरात आईने शिकवलं होतं आणि आईला तिच्या आईने. गुळगुळीत गोळा म्हणजे पिंड. पिंड दिसला की ज्यांचं काही राहिलंय ते घरात येतात, आणि आले की रिकाम्या हाताने जात नाहीत. म्हणून पीठ ठेवायचंच तर त्यावर पाच बोटं दाबायची. बोटं दिसली की त्यांना कळतं, हे जित्या माणसांचं आहे, आणि ते उंबऱ्यावरून परत जातात.

"आजी, हवा जाते गं सगळी!" कार्तिक कपाळाला हात लावायचा. "फुगायला ठेवतो आपण ते, आणि तू दाबतेस."

"फुगून कुठं जायचंय त्याला?"

शेवटी त्याने हार मानली. भाजताना त्या पाच खळग्यांत टोमॅटोचा रस साठायचा, तिथे तो आटून गोड व्हायचा, आणि पोरं त्या तुकड्यांवरून भांडायची. सईबाई वर जायच्या, खुर्चीवर बसून सगळ्यांना नावं ठेवायच्या, आणि खायच्या काही नाहीत. शनिवारी त्यांचा तिरुपतीच्या वेंकोबाचा उपास. तो त्या कार्तिकच्या जन्मापासून धरत होत्या. जानेवारीनंतर त्यांनी शनिवारीही जेवायला सुरुवात केली. मुलाने, अनंतरावाने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ज्याच्यासाठी धरला तो राहिला नाही. आता कुणासाठी पोट मारू?"

हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र कोणालाच ठाऊक नव्हती, आणि ती त्या अकरा महिने एकट्या वागवत होत्या.

त्या जानेवारीत, त्याच्या शेवटच्या शुक्रवारी, गोळे करून झाले, सईबाईंनी हात पुढे केला आणि कार्तिकने तो धरला.

"आजी, आज नको."

"काय नको?"

"बोटं. उद्या अलमेलूचे आईवडील येणारेत. पहिल्यांदाच. ते विचारतील हे काय, मग सगळं सांगत बसायचं, पिंड नि भुतं… मला लाज वाटते गं."

सईबाईंनी हात काढून घेतला. तंजावरच्या मेल वीधीतल्या घरात वाढलेली बाई ती. तिच्या हाताचं खायला तिथे माणसं वाट वाकडी करून येत. त्या हाताची लाज.

"माझ्या बोटांची लाज वाटते तुला?"

"अय्यो, तसं नाही म्हटलं मी—"

"पोदुम्, पुरे. नाही लावत बोट. तुझा गोळा आणि तू."

आणि त्या आठ वाजताच जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. कार्तिक दोनदा येऊन पायाशी बसून गेला. त्या हलल्या नाहीत. सकाळी सातला तो टी. नगरला पाहुण्यांसाठी काही आणायला म्हणून निघाला, त्या तेव्हाही तुळशीकडे तोंड करून उभ्या होत्या. पुढचं सगळ्यांना माहीत होतं.

गोळे गुळगुळीत राहिले होते. हे फक्त सईबाईंना माहीत होतं. त्यांनी तोंडाने नाही म्हटलं, रागाने हात मागे घेतला, आणि रात्रभर फ्रिजात सहा पिंड मांडून ठेवले. जे यायचं ते आलं आणि रिकाम्या हाताने गेलं नाही.

*

शुक्रवारी दुपारी त्यांनी परात काढली. मैदा घेतला, कोमट पाण्यात यीस्ट भिजवलं. मळायला लागल्या तसे हात आपोआप चालू लागले. डोकं भलतीकडेच होतं. अर्धं मळून झाल्यावर त्या जरा थांबल्या. कशासाठी थांबलो ते त्यांना आठवेना. पुन्हा मळू लागल्या.

संध्याकाळी सातच्या सुमाराला हरिप्रिया शाळेच्या वह्या तपासून स्वयंपाकघरात आली तेव्हा सईबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. परातीत सहा गोळे होते, गुळगुळीत.

"सहा कशाला, अम्मा? आपण तिघं, ती दोघं. पाचच ना?"

सईबाईंनी परातीकडे पाहिलं. सवयीने सहा झाले होते.

"असू दे."

"मी ठेवते फ्रिजमध्ये. बोटं लावा."

"तू लाव."

"मी?" हरिप्रिया हसली नाही, पण पूर्वी हसली असती तशी बोलली. "तेव्हा वर्षभर मला हात लावू दिला नाहीत. माझी बोटं आखूड म्हणून."

"आज लाव म्हणते ना."

"तुम्हीच लावता नेहमी. त्या वेळीही तुम्हीच लावलेली होती."

सईबाईंनी मान वर केली नाही. "कुठल्या वेळी?"

"त्याच." हरिप्रियेने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी केली, पुन्हा मोडली. "चौथ्या दिवशी मी फ्रिज उघडला. परात तशीच होती. कोणालाच आठवण नव्हती. मी सगळं कचऱ्यात टाकलं. टाकताना बघितलं, तुमची बोटं होती गोळ्यांवर. मला वाटलं, इतुकं जपलं या बाईने, आणि…"

"माझी नव्हती."

"काय?"

"मी लावली नव्हती. त्या दिवशी भांडण झालं आमचं. तो नको म्हणाला, आणि मी नाही लावली." सईबाईंचा आवाज नेहमीसारखाच करडा होता, फक्त त्या ओट्याची कड धरून होत्या. "अकरा महिने तुझ्या तोंडाकडे बघत नाही मी, तुला वाटलं असेल म्हातारी दुःखात आहे. मी नाही लावली, हरिप्रिये. माझ्या रागाने झालं ते सगळं."

"पण होती, अम्मा. मी बघितली. प्रत्येक गोळ्यावर. चार सरळ आणि कडेचं, करंगळीचं, बाहेर वळलेलं. मला वाटलं गोळा बसलाय म्हणून एक…"

ती तिथेच थांबली.

कार्तिक चौदा वर्षांचा असताना क्रिकेटचा चेंडू लागून त्याच्या उजव्या हाताची करंगळी मोडली होती. डॉक्टरकडे कशाला, म्हणून सईबाईंनी हळद-चुना लावून पट्टी बांधली, आणि ती बाहेरच्या बाजूला वाकडी जुळली ती कायमची. हरिप्रियेने सासूला त्यावरून वर्षानुवर्षं ऐकवलं होतं.

दोघी परातीकडे बघत राहिल्या. बाहेरच्या खोलीत अनंतराव टीव्हीवर बातम्या लावून बसला होता. तो रोज लावायचा, ऐकायचा नाही.

म्हणजे आजी रुसून पडल्यावर पोरगा उठून फ्रिजपाशी गेला होता. अलमेलूच्या आईवडिलांना काय सांगायचं ते सांगू, असं ठरवलं असेल त्याने. फडकं काढून, एकेक करून, सहाही गोळ्यांवर. आणि पुन्हा येऊन पायाशी बसला असेल, सांगायला. त्या भिंतीकडे तोंड करून होत्या.

"म्हणजे बोटं होती," सईबाई म्हणाल्या.

"होती."

"आणि तरी."

हरिप्रियेने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

सईबाई पाटावर बसल्या. अकरा महिने त्या स्वतःला शिव्या देत होत्या, पण त्या शिव्यांना धरून उभ्या तरी होत्या. आपण चुकलो म्हणून गेला. यात निदान घरचं कोणी होतं, कारण होतं. आता नुसती एक लॉरी उरली. एक लॉरी आणि एक वळण. बोटं दाबा, न दाबा.

त्या रडल्या त्या मग. अंत्ययात्रेला रडल्या नव्हत्या, तेराव्याला नाही. हरिप्रिया त्यांच्याशेजारी जमिनीवर येऊन बसली आणि तिने सासूच्या पिठाने भरलेल्या हाताला हात लावला नाही, नुसती बाजूला बसून राहिली. बऱ्याच वेळाने सईबाई उठल्या, डोळे पुसले, आणि परात ओढून घेतली. पाच गोळ्यांवर त्यांनी बोटं दाबली, खोल, नेहमीसारखी. सहावा त्यांनी तळहातांत घेतला, पुन्हा फिरवून फिरवून गोल केला, अंड्यासारखा गुळगुळीत, आणि तसाच ठेवला.

हरिप्रिया बघत होती.

"त्याला कशास अडवू?" सईबाई म्हणाल्या. "येऊ दे."

*

शनिवारी गच्चीवर गार होतं, मद्रासला डिसेंबरात असतं तेवढं. रणवीरने करवंट्या पेटवल्या. पाठीमागे आगगाडीच्या पुलावरून एक गाडी गेली. हरिप्रियेने ताटं लावली, घरातली जुनी स्टीलची, प्रत्येकावर ठिपक्यांनी नाव कोरलेलं. कार्तिकचंही आणलं.

पाच भाजून झाले. मग अलमेलूने सहावा थापायला घेतला. तो उशीएवढा फुगला होता. जाळीवर पडला तसा आणखी फुगला, फोड आले, त्यांवर काळे ठिपके.

"पाटी, तो म्हणायचा, बोटं न लावता एकदा बघ," अलमेलू म्हणाली. "बघा, किती उठलाय."

"म्हणजे त्याचंच खरं होतं म्हणायचंय तुला."

"नाही, पाटी."

"म्हण. खरं ते म्हण. मला कोण खातंय." त्यांनी झाकण उचलून पाहिलं. "तुझे आईबाप बरे आहेत?"

"बरे आहेत. स्थळं बघतायत."

"बघू देत," सईबाई म्हणाल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "चांगला बघ. रुसलेल्या म्हातारीच्या पायाशी येऊन बसणारा बघ."

अलमेलू तोंड फिरवून जाळ सारखा करू लागली.

तो पिझ्झा कार्तिकच्या ताटात ठेवला. सगळे गोल बसले. अनंतराव खाली होता. येतो म्हणाला होता, आला नव्हता. रणवीरने दोन तुकडे खाल्ले, तिसरा घेतला. पूर्वी या वेळेला कोण कोणाचा तुकडा पळवतोय याचा गोंधळ असायचा.

सईबाईंनी आपल्या ताटातला तुकडा उचलला. पूर्वी वर्षभर हे केलं होतं, पण शनिवार म्हणून कधी जिभेवर ठेवलं नव्हतं. त्यांनी एक घास घेतला, चावला आणि थांबल्या.

"मीठ नाही."

कोणी वर बघितलं नाही.

"पिठात मीठच नाही. रणवीरा, तीन तुकडे गिळलेस. जीभ आहे की नाही तुला?"

रणवीर गोंधळला. "मला वाटलं… वर्षाच्या आत तुमच्यात असंच करतात. अळणी."

"मलाही," अलमेलू म्हणाली.

सईबाईंनी हरिप्रियेकडे पाहिलं. "आणि तू?"

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम घातलं नाहीत, अम्मा."

सईबाई हातातल्या तुकड्याकडे बघत राहिल्या. अर्धं मळून झाल्यावर आपण कशासाठी थांबलो होतो ते त्यांना आता कळलं.

"गुणी आहात सगळे," त्या म्हणाल्या. "तो असता तर पहिल्या घासाला खाली रस्त्यापर्यंत ओरडला असता. आजी, हे काय शिजवलंयस म्हणून."

त्यांनी कठड्यावरून वाकून खाली हाक मारली. एकच मजला तर होता मध्ये. "अनंता, मिठाची बरणी घेऊन ये वर."

थोडा वेळ लागला. मग जिन्यावर पावलं वाजली, आणि जानेवारीनंतर पहिल्यांदा अनंतराव गच्चीवर आला, लुंगीत, हातात चिनीमातीची बरणी धरून. शेगडीकडे त्याने एकदा पाहिलं आणि आईशेजारी बसला.

सईबाईंनी बरणी उघडली. एकेकाच्या ताटावर चिमूट चिमूट मीठ भुरभुरलं, रणवीरच्या, अलमेलूच्या, सुनेच्या, मुलाच्या. मग सहाव्या ताटापाशी त्यांचा हात थांबला. गोल, फुगलेला, आता गार झालेला. हरिप्रियेला ठाऊक होतं ते त्यांनाही ठाऊक होतं: पिंडात मीठ नसतं.

"अम्मा," हरिप्रिया हळूच म्हणाली.

"त्याला अळणी चालत नाही," सईबाई म्हणाल्या, आणि चिमटीतलं सगळं मीठ त्यांनी त्याच्यावर घातलं.